साडेचार सेकंदांची समीक्षा

मूल्यमापन आणि मोजमाप हे समानार्थी शब्द नव्हेत, हे समीक्षेच्या पहिल्याच तासाला सांगावे लागते. हा फरक आज सर्वांत निर्लज्जपणे कुठे पुसला जात असेल, तर तो अमेरिकेतल्या शालेय फुटबॉलपटूंवर लिहिल्या जाणाऱ्या अहवालांत, असे आमचे स्पष्ट मत आहे. (हा फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा खेळ नव्हे, शिरस्त्राण आणि खांद्यांवर चिलखत चढवून, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा तो अमेरिकी प्रकार.) विद्यापीठांचे प्रशिक्षक सोळा-सतरा वर्षांची मुले हेरतात, शिष्यवृत्त्या देऊ करतात, आणि रायव्हल्स, २४७स्पोर्ट्स, ईएसपीएन यांच्यासारखी संकेतस्थळे त्या मुलांना दोनपासून पाचपर्यंत तारे बहाल करतात. मराठीच्या अध्यापकांनी यात नाक खुपसण्याचे कारण एवढेच, की हे अहवाल म्हणजे समीक्षाच होय. एका कृतीचे वर्णन, तिचे विश्लेषण आणि शेवटी निर्णय, असाच त्यांचा दावा असतो. आमच्या मते ती वाईट समीक्षा आहे.

त्यातही सर्वांत वाईट ती लाइनबॅकरच्या वाट्याला येते. बचावाच्या पहिल्या फळीमागे चार-पाच यार्डांवर उभ्या राहणाऱ्या या खेळाडूचे खरे काम अंगावर धावून जाण्याच्या आधीच सुरू होते. चेंडू हलताक्षणी समोरच्या गार्डचे पहिले पाऊल कुठे पडले, यावरून त्याने पुढचे सारे ताडायचे असते. गार्ड मुसंडी मारून पुढे आला तर धाव. मागे सरून पवित्र्यात उभा राहिला तर फेक. आडवा निघाला तर त्याच्या रोखाने आपणही निघायचे. तिकडचे प्रशिक्षक या क्रियेला ‘रीड’ म्हणतात. म्हणजे वाचन! शिवाय ही संहिता फसवी असते. ‘प्ले-ॲक्शन’ या डावात क्वार्टरबॅक धावणाऱ्याच्या हाती चेंडू दिल्याचे नाटक करतो आणि लाइनबॅकर पुढे झेपावला की त्याच्या डोक्यावरून फेकतो. ‘रन-पास ऑप्शन’मध्ये तर त्याच्याही पुढची पायरी आहे. तिथे क्वार्टरबॅकच लाइनबॅकरला वाचतो. तो पुढे आला तर त्याने मोकळी केलेली जागा हेरून चेंडू तिथे जातो, तो जागीच थांबला तर धाव होते. वाचकालाच वाचणारी संहिता! आमच्या वाचककेंद्री सिद्धांतनाच्या मित्रांनी हा खेळ अद्याप कसा हेरला नाही, कोण जाणे.

आता या वाचकाचे मूल्यमापन कशावर होते? उंची, वजन, हातांची लांबी आणि चाळीस यार्ड धावायला लागलेले सेकंद. ही धाव सरळ रेषेत, समोर कोणीही नसताना धावायची असते. साडेचार सेकंद लागले तर अहवालकर्त्याची लेखणी फुलून येते, पावणेपाचाच्या वर गेले की आवळते. सरळ चाळीस यार्ड विनाअडथळा धावण्याची पाळी लाइनबॅकरवर सामन्यात क्वचितच येते, हे त्या लेखणीलाही ठाऊक असतेच.

दुसरे साधन म्हणजे निवडक क्षणांची चित्रफीत. हडलसारख्या सेवांवर मुले स्वतःच ती जुळवतात. कवीने स्वतः निवडलेल्या दहा कवितांवरून त्याच्या समग्र कवितेचा निवाडा करावा, तसे हे झाले. चुकीचे वाचन करून तो भलतीकडे धावला, तो क्षण त्या फितीत नसतो. आमचा याहून मोठा आक्षेप असा, की अचूक वाचनाचा क्षणही तिथे बहुधा नसतोच. त्याने आपली फट वेळेवर बुजवली, धावणाऱ्याला दुसरीकडे वळावे लागले आणि तिथे दुसऱ्यानेच त्याला लोळवले. नोंद दुसऱ्याच्या नावावर होते, टाळ्याही त्यालाच.

ल्यूक कीकली हा सिनसिनाटीच्या शाळेतून बॉस्टन कॉलेजात गेला तेव्हा तीन ताऱ्यांचा होता. २०१३ साली तो एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. समोरच्या संघाचा डाव आधीच ओळखून सहकाऱ्यांना ओरडून सांगणारा, अशी त्याची ख्याती झाली. खलील मॅकला दोनच तारे होते. २०१४ च्या निवडीत त्याचा क्रमांक पाचवा लागला आणि २०१६ चा तोच सन्मान त्याने मिळवला. तारे येण्याआधीच्या पिढीतला सॅम मिल्स पाच फूट नऊ इंचांचा. शिष्यवृत्ती न देणाऱ्या माँटक्लेअर स्टेटमधून तो आला, दोन व्यावसायिक संघांनी त्याला काढून टाकले, मधल्या काळात त्याने शाळेत शिकवले. २०२२ साली त्याचे नाव हॉल ऑफ फेममध्ये लागले.

अपवादांनी नियम मोडत नाही, असे तारांकनवाले म्हणतील. मान्य. हजारो मुलांचा एकत्र विचार केला, तर पाच तारेवाले दोन तारेवाल्यांहून पुष्कळ अधिक प्रमाणात व्यावसायिक खेळापर्यंत पोहोचतात, यात वाद नाही. पण हे झाले विमा कंपनीचे ज्ञान. समीक्षा एका कृतीविषयी, इथे एका मुलाविषयी, बोलते. आणि त्या एकाविषयी अहवालाजवळ विशेषणांखेरीज काही नसते.

ती विशेषणेही निरागस नाहीत. ‘बुद्धिमान’, ‘कष्टाळू’, ‘उपजत जाण असलेला’ हे शब्द गोऱ्या खेळाडूंच्या, तर ‘नैसर्गिक ताकद’, ‘स्फोटक शरीर’ हे कृष्णवर्णीयांच्या वाट्याला अधिक येतात, हा आक्षेप अमेरिकेत जुनाच आहे. लाइनबॅकरच्या बाबतीत तो अधिक झोंबतो. ज्याचे कामच वाचन, त्याच्या वर्णनात फक्त स्नायू दिसावेत, ही चूक डोळ्यांची नव्हे, शब्दकोशाची आहे.

पूर्वी या साऱ्याकडे चाहत्यांचा विरंगुळा म्हणून काणाडोळा करता आला असता. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाईची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. पैसा मुलांना मिळतो याचा आम्हाला आनंदच आहे, फार आधी मिळायला हवा होता. परंतु ऑन३सारखे संकेतस्थळ आता ताऱ्यांशेजारीच डॉलरमधला अंदाज छापते. विशेषण आणि किंमत एकाच ओळीत!

आमची मागणी फार नाही. प्रत्येक अहवालाखाली लिहिणाऱ्याने त्या मुलाचे कोणते सामने पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत पाहिले, त्यांच्या तारखा द्याव्यात. आणि एका तरी सामन्यातले, त्याने टॅकल न केलेले दहा डाव घेऊन, त्या दहा वेळा त्याचे पहिले पाऊल कुठे पडले ते लिहावे. तारे मग त्याच्याखाली खुशाल छापावेत.