दोन महिन्यांचा पगार आणि एक हिरा

१/ माझ्या मामेभावाचा साखरपुडा ठरला आणि अंगठीसाठी तो कर्ज काढायला निघाला. 'दोन महिन्यांचा पगार हा रिवाजच आहे,' असे त्याला दुकानात सांगण्यात आले होते. हा रिवाज कुणाचा आणि केव्हाचा, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा प्रमुख देश भारत होता. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये गोवळकोंड्याच्या मुलखात आला. कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीवर स्त्रिया व मुलांसह साठ हजार माणसे राबतात, असे तो लिहितो.

३/ तो आणखी सांगतो : युरोपीय व्यापारी हिरा दिवसा पारखत, आपले लोक रात्री. भिंतीतल्या कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवून त्या उजेडात हिऱ्याचे 'पाणी' जोखले जाई.

४/ निर्दोष खड्याला येथील कारागीर फारसा हात लावत नसत, कारण वजन घटे. डागाळलेल्या खड्यावर मात्र भरपूर पैलू पाडत. दोष झाकला जाई. झगमगाट म्हणजे शुद्धता नव्हे, हा धडा तेव्हाचाच.

५/ १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांचे प्रचंड साठे उघडकीस आले. भाव कोसळू नयेत म्हणून पुरवठा एका मुठीत हवा होता. १८८८ मध्ये डी बिअर्स कंपनी स्थापन झाली ती त्यासाठीच. १९४७ मध्ये तिच्या जाहिरातसंस्थेतील फ्रान्सिस गेरेटी यांनी 'हिरा चिरंतन असतो' या अर्थाचे घोषवाक्य लिहिले. 'दोन महिन्यांचा पगार' हे माप तर १९८० च्या दशकातील अमेरिकी जाहिरातींचे!

६/ म्हणून माझे स्पष्ट मत : ज्याला आपण परंपरा समजतो, ते विक्रीचे तंत्र आहे. साखरपुड्याच्या नावातच साखरेचा पुडा आहे, हिरा नाही. त्यापायी संसाराचा आरंभ हप्त्यांनी करणे शहाणपणाचे नव्हे.

७/ तरीही हिरा हवा असेल, तर अवश्य घ्यावा, मात्र पारखून. पैसा आधी घडणीवर, म्हणजे 'कट'वर खर्चावा. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की यांनी पैलूंच्या प्रमाणांचे गणित मांडले. तेज त्या प्रमाणांतून येते, वजनातून नव्हे.

८/ पूर्ण एक कॅरेटचा हट्ट सोडावा. त्या आकड्यापाशी दर उडी घेतो, ०.९ कॅरेटचा गोल हिरा व्यासाने जेमतेम पाव मिलिमीटर लहान दिसतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या डागांच्या अभावासाठी जादा दाम मोजू नयेत. पिवळ्या सोन्यात किंचित पिवळसर छटाही लपून जाते. स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मात्र मागावेच.

९/ प्रयोगशाळेत घडवलेला हिरा खोटा नसतो. तोही कार्बनचाच स्फटिक. तो पुष्कळ स्वस्त मिळतो, पण त्याचे भाव झपाट्याने उतरले आहेत. खाणीतला हिराही विकायला गेल्यास खरेदीची किंमत सहसा परत देत नाही. तेव्हा हिरा आवडीसाठी घ्यावा, गुंतवणूक म्हणून नव्हे.

१०/ भावाने अखेर दोघांच्या बचतीत बसणारा लहानसा, उत्तम घडणीचा हिरा घेतला. कर्ज टळले. तुमच्या घरी आजी-पणजीच्या साखरपुड्यात काय दिले-घेतले गेले, ते विचारून येथे जरूर लिहा. खरा रिवाज त्यातूनच कळेल.