फेरफटका की हेलपाटा?

गेम खेळणाऱ्यांच्या दोन जमाती असतात. पहिली, लेव्हल संपली की मागे वळूनही न बघणारी. दुसरी, संपलेल्या लेव्हलमध्ये पुन्हा पुन्हा घुसणारी. पहिली जमात दुसरीला 'येडे' म्हणते. दुसरी पहिलीला काहीच म्हणत नाही, कारण ती खेळण्यात बिझी असते!

अस्मादिक दुसऱ्या जमातीतले. त्यामुळे एक प्रश्न मला हमखास ऐकावा लागतो. "अगं, ते झालंय ना तुझं? मग परत काय?"

यावर एक रेडिमेड उत्तर आहे. 'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर लागला की अख्खे डायलॉग पाठ असूनही आपण चॅनल बदलतो का? नाही ना! पण खरं सांगायचं तर हे उत्तर जरा लंगडं आहे. पिक्चर आपल्याकडून काही मागत नाही. आपण सोफ्यावर, हातात चहा, काम संपलं. लेव्हल म्हणजे परीक्षा. खड्डे, काटे, टाइमर आणि शेवटी एक राक्षस! आता पास झालेल्या पेपरला परत कोण बसतं हो?

तर बसतात. आनंदाने बसतात. फक्त एका अटीवर. त्या अटीकडे येतेच, पण आधी थोडा इतिहास. बोअर करणार नाही, प्रॉमिस!

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आठवा. आपल्यापैकी अनेकांनी तो कुठल्या तरी नक्कल केलेल्या टीव्ही गेमवर, कार्ट्रिजला फुंकर मारून खेळलाय. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार लेव्हल, एकूण बत्तीस. आणि नियम एकच, उजवीकडे पळायचं. मागे जायची सोयच नाही! स्क्रीन पुढे सरकली की मागचा रस्ता गायब. एखादं मश्रूम राहिलं? राहिलं. पण हाच गेम पूर्ण संपवला की बी बटण दाबून हवं ते वर्ल्ड निवडता यायचं आणि जुन्याच लेव्हलमध्ये साध्या गुम्बांच्या जागी टणक पाठीची कासवं फिरताना दिसायची. म्हणजे गेम बनवणाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं, ही मंडळी परत येणार.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, 'मेट्रॉइड' आला आणि त्याने ही उजवीकडे पळायची सवयच मोडली. सुरुवातीला सवयीने उजवीकडे निघालात, की थोड्याच वेळात इतकी बुटकी फट येते की आत जाताच येत नाही. त्यासाठी जी करामत लागते ती मिळते सुरुवातीच्या जागेपासून डावीकडे! ती घ्या, चेंडूसारखं गोल व्हा आणि मघाच्या फटीतून आरामात सटका. पुढे अख्खा गेम याच फंड्यावर चालतो. मघाशी बंद असलेलं दार आता उघडतं. दार तेच आहे, बदललोय आपण.

आणि मग १९९६ चा 'सुपर मारिओ ६४'. कॉलेजात एका मित्राकडे मी तो पहिल्यांदा खेळले तेव्हा अक्षरशः वेडी झाले होते. राजवाड्याच्या भिंतींवर चित्रं टांगलेली आणि चित्रात उडी मारली की थेट लेव्हलमध्ये. मुख्य लेव्हल फक्त पंधरा, पण एकूण तारे १२०! म्हणजे एकाच चित्रात पुन्हा पुन्हा उडी मारणं आलं. पहिल्या लेव्हलमध्ये एक डोंगर आहे. पहिल्यांदा तुम्ही तो धापा टाकत चढता, कारण वर बॉम्बचा राजा बसलाय. दुसऱ्यांदा त्याच डोंगरावर एका कासवाशी शर्यत लावता. आणि पुढे कधीतरी पंखांची टोपी मिळाली की त्याच डोंगराभोवती उडता! आधी भीती वाटली, मग वाट पाठ झाली, मग चक्क मौज. सिंहगड पहिल्यांदा चढताना आणि दहाव्यांदा चढताना जो फरक पडतो ना, अगदी तोच. दहाव्या खेपेला आपण वर पोचायचा विचारच करत नाही. कुठल्या वळणावर ताक प्यायचं एवढंच ठरवतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. शेवटच्या लढाईला १२० तारे लागत नाहीत. ७० पुरतात. उरलेल्या ५० साठी कोणी तुमच्या मागे लागत नाही. तुम्हाला वाटलं तर जा. ही ती अट! आपणहून गेलो तर तो फेरफटका. कुणी पाठवलं तर तो हेलपाटा.

पटत नाही? मग 'हेलो' खेळलेल्या कुणालाही विचारा. २००१ चा हा गेम एकदम भारी, वादच नाही. पण उत्तरार्धात तो तुम्हाला आधीच पालथ्या घातलेल्या जागांमधून उलटा फिरवतो. २००८ च्या 'डेव्हिल मे क्राय ४' मध्ये तर अर्ध्या गेमनंतर हीरो बदलतो आणि नवा हीरो जुन्याच जागांमधून उलट्या दिशेने निघतो. राक्षससुद्धा बरेचसे तेच! दोन्ही गेम लोकांना आवडले, पण या भागाबद्दल कुरकुर मात्र बक्कळ झाली. जागा त्याच, मारामारी तीच. मग मारिओच्या डोंगरावर मजा आणि इथे कंटाळा का? कारण इथे पुढे जायचा दुसरा रस्ताच नाही. सरकारी ऑफिसात "ते कागद घेऊन सोमवारी या" म्हणतात, तेव्हा आपल्याला ती इमारत पुन्हा बघायला मिळाल्याचा आनंद होतो का?

इथपर्यंत सोपं होतं. गोची पुढे आहे. हेलपाटा कधी कधी फेरफटक्याचे कपडे घालून येतो!

'अँग्री बर्ड्स' आठवतोय? डिसेंबर २००९ मध्ये आला आणि दोन-तीन वर्षांत घराघरातल्या फोनवर पोचला. आमच्याकडे बाबांच्या फोनवर होता आणि त्यांना ऑफिसचे कॉल घ्यायला फोन परत मागावा लागायचा. लेव्हल पार केली की एक, दोन किंवा तीन तारे. एक तारा मिळाला तरी पुढची लेव्हल उघडतेच. पण ते दोन रिकामे तारे काही सुखाने झोपू देत नाहीत. हिंजवडीतला माझा एक मित्र प्रत्येक लेव्हलला तीन तारे झाल्याशिवाय पुढे जात नसे. मी एकदा विचारलं, "मजा येते?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "मजेचं माहीत नाही. राहिलेलं बघवत नाही." बॉस, हे तर अप्रेझलचं वाक्य झालं! दिवसभर ऑफिसात रेटिंग आणि रात्री गादीत पडूनही रेटिंगच. वर वर बघितलं तर तो आपणहून जुन्या लेव्हलला जात होता. पण त्याला तिथे पाठवत होते ते दोन रिकामे तारे.

म्हणजे पुन्हा पुन्हा तेच करणं वाईट का? अजिबात नाही. स्पीडरनर नावाची एक जबरी जमात आहे. एकच गेम कमीत कमी वेळात संपवायचा, बस्स. 'सुपर मारिओ ब्रदर्स' २०२१ मध्ये एका पठ्ठ्याने ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवला! त्यासाठी त्याच लेव्हल हजारो वेळा खेळाव्या लागतात. पण याला मी हेलपाटा म्हणणार नाही, रियाज म्हणेन. वर्षानुवर्षं तोच यमन घोटणाऱ्या गवयाला आपण विचारतो का, "अहो, झालाय ना तुमचा हा राग?" त्याला त्यात रोज काहीतरी नवीन सापडतं. रिकामे तारे भरणाऱ्याला काही सापडत नाही, फक्त एक टोचणी कमी होते. फरक एवढाच आहे. पण फार मोठा आहे.

आणि एक तिसरा प्रकार आहे, जो मला सगळ्यात प्रिय. काहीच मिळवायचं नाही, नुसतं जायचं. २००२ चा 'जीटीए व्हाइस सिटी' आपल्याकडे सायबर कॅफेवाल्यांनी घरोघरी पोचवला. त्यात संपलेलं मिशन पुन्हा खेळायची सोय नव्हती, पण सगळी गोष्ट संपली तरी शहर उघडंच राहायचं. माझ्या एका मैत्रिणीची नोकरी २०२३ मध्ये गेली. एका मेलवर, एका दुपारी. पुढचे दोन आठवडे ती दिवसा अर्ज करायची आणि रात्री व्हाइस सिटीत बाइक काढायची. मारामारी नाही, मिशन नाही. समुद्राकाठचा रस्ता, गुलाबी आकाश, रेडिओ. सिग्नलला चक्क थांबायची! मी काळजीने विचारलं, तर म्हणाली, "इथलं सगळं मी करून झालंय. इथे मला कोणाला काही दाखवायचं नाहीये." दिवसभर पाच ठिकाणी स्वतःला सिद्ध करून आलेल्या माणसाला अशी एक जागा लागते. जिथे आपण आधीच जिंकलोय. मला तरी यात पळपुटेपणा दिसला नाही. ती सकाळी नऊला परत लॅपटॉपसमोर असायची.

म्हणूनच अलीकडे एक गोष्ट जाम खटकते. या जागा बंद व्हायला लागल्यात. तोच 'अँग्री बर्ड्स' घ्या. २०१९ मध्ये कंपनीने जुने गेम ॲप स्टोअरमधून काढून टाकले. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून २०२२ मध्ये पहिला गेम नव्याने बांधून परत आणला. २०२३ च्या फेब्रुवारीत तो गूगल प्ले वरून पुन्हा काढला आणि आयफोनवर त्याचं नाव बदललं. कारण? त्याच्यामुळे कंपनीच्या बाकीच्या गेम्सवर परिणाम होत होता म्हणे! व्हाइस सिटीचंही तेच. २०२१ मध्ये नवी चकचकीत आवृत्ती आली तेव्हा जुनी विक्रीतून काढली होती. नवीन बघून लोक भडकले, तेव्हा कुठे पीसीवाल्यांसाठी जुनी परत आली. आणि अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनचा २०२३ चा अभ्यास सांगतो, की तिथे २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळतच नाहीत.

यामागचं गणित सरळ आहे. संपलेल्या लेव्हलमध्ये निवांत फिरणारा माणूस कंपनीच्या काय कामाचा? तो काही विकत घेत नाही. त्यापेक्षा कधीच न संपणारा गेम बरा. 'कँडी क्रश' २०१२ पासून चालूच आहे, हजारो लेव्हल झाल्या आणि नव्या येतच राहतात. तिथे 'झालं एकदाचं' म्हणायची वेळच येत नाही. आणि जे संपतच नाही, त्यात परत येणार कसं?

तेव्हा मंडळी, जुन्या सीडी असतील तर फेकू नका. सेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर टाकून ठेवा. आणि या शनिवारी अर्धा तास काढून एखाद्या जुन्या लेव्हलमध्ये जाऊन या. ताऱ्यांकडे बघू नका, टाइमरकडे तर नकोच. कोणी खांद्यावरून डोकावून विचारलंच, "हे तर झालंय ना तुझं?" तर शांतपणे सांगा,

"हो, झालंय. म्हणूनच तर!"