उडी कुणाच्या पाठीवरून?

अलेक्झांडर गेर्शेनक्रॉन १९६२च्या पुस्तकात म्हणतो, मागासलेपणाचाही फायदा असतो. उशिरा आलेल्या देशाला आयती यंत्रं मिळतात, तो लांब उडी मारतो. भांडवल नाही? जर्मनीत बँका पुढं होतात, रशियात सरकार.

कबूल. पण सरकारनं पैसा आणला कुठून? १८६१ला भूदास सुटला, तो जमिनीच्या हप्त्यांत पुन्हा अडकला. ते थेट १९०७ला माफ झाले. वर कर. कर भरायला धान्य विकायचं, ते परदेशी जायचं. १८९१-९२च्या दुष्काळात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. त्याच १८९१ला सायबेरियाच्या रेल्वेचं काम सुरू झालं.

ही पिळवणूक गेर्शेनक्रॉननंही लिहिलीय. मग नुसता फायदा काय सांगता? उडी मोजता ना? मग खाली वाकलेली पाठही मोजा.