छपरावरचा थेंब आणि रुळांवरचा मैला

विमानातून घरावर मैला पडतो, अशी तक्रार दिल्ली विमानतळानजीक राहणाऱ्या एका निवृत्त सेनाधिकाऱ्याने केली. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये फर्मावले: उतरलेल्या विमानाची मैलाटाकी रिकामी आढळल्यास ५०,००० रुपये दंड. योग्यच झाले. परंतु रेल्वेच्या डब्यांतून कित्येक दशके मैला उघड्या रुळांवर पडत होता आणि सफाई कामगार तो उपसत होते. तेव्हा डब्यागणिक दंडाचे फर्मान कोणी काढले? २०१३ च्या कायद्याने रूळही मैलासफाईबंदीत आणले. मात्र संरक्षक साधने दिली की ते काम बंदीबाहेर, ही पळवाट ठेवली. सधनाच्या छपरावरचा थेंब तत्काळ दिसतो. श्रमिकाच्या हातांवरचा मैला दिसायला पिढ्या जातात. ही दृष्टी वर्गाची आहे आणि जातीचीही. ती मोडून काढणे हेच समाजवाद्यांचे कार्य होय.