बाजरीचे पीठ कडू झाले, दोष गिरणीवाल्याचा?

थंडी पडली की गिरणीवर बाजरीच्या डब्यांची रांग लागते. भोगीच्या आधीच्या आठवड्यात तर गिरणीवाल्याला जेवायला सवड मिळत नाही. तक्रारीही याच दिवसांत येतात. पीठ कडू लागते, तुम्ही जुनी बाजरी मिसळली, असे गिऱ्हाईक चार माणसांसमोर सुनावून जाते. आमच्या परिचयाच्या एका गिरणीमालकांनी अर्ध्या किलोच्या पाकिटांतून बाजरीचे पीठ किराणा दुकानांना द्यायला सुरुवात केली होती. माल स्वतः मोंढ्यात जाऊन पारखून घेतलेला, चाळलेला, निवडलेला. तीन आठवड्यांत निम्मी पाकिटे परत आली. त्यांनी जाड प्लास्टिकचे महागडे पाकीट घेतले, तरी तेच. शेवटी पीठ म्हशींना घातले आणि धंदा बंद केला. पैसा गेलाच, पण गावात भेसळीचे नाव झाले ते अधिक लागले.

या गृहस्थांनी भेसळ केली नव्हती. त्यांना ठाऊक नव्हते इतकेच, आणि ते सांगणारेही कोणी भेटले नाही. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

बाजरीचा दाणा लहान, पण त्यातील अंकुर दाण्याच्या मानाने मोठा असतो आणि तेल त्या अंकुरात असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत 100 ग्रॅम बाजरीत 5 ग्रॅमहून अधिक स्निग्धांश दिलेला आहे. गव्हात तो दीड ग्रॅमच्या आसपास आणि ज्वारीत पावणेदोन. दाणा अखंड आहे तोवर हे तेल सुरक्षित राहते, म्हणून नीट वाळवलेली बाजरी कणगीत महिनोन्‌महिने टिकते. दळली की तेल पिठात पसरते आणि दाण्यातच असलेले लायपेज नावाचे विकर त्याला फोडू लागते. तेलातून आम्ले सुटी होतात, मग पीठ कडू व खवट होते. कुबट वास येतो त्याला दाण्यातील काही रंगद्रव्येही कारणीभूत असतात, असे अमेरिकेतील कॅन्सस येथील संशोधकांनी 1986 मध्ये दाखवले. आपल्या घरातील बायका बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणतात त्यामागे हेच कारण आहे. शास्त्राचे नाव त्यांना ठाऊक नसेल, अनुभव पक्का आहे.

आता पाकिटाचा प्रश्न. लायपेजला आपले काम करायला हवा लागत नाही, पिठातील थोडासा ओलावा पुरतो. पाकीट कितीही चकचकीत आणि हवाबंद असो, आतले पीठ बिघडायचे थांबत नाही. आमच्या मित्रांचे पैसे नेमके इथेच वाया गेले.

उपाय दळणाच्या आधी करावा लागतो, आणि तो आपल्याच भागात शोधला गेला आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील संशोधकांनी 1994 मध्ये यावर काम प्रसिद्ध केले. बाजरी 98 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे जवळजवळ उकळत्या पाण्यात 10 ते 30 सेकंद बुडवायची, एक भाग धान्याला पाच भाग पाणी या प्रमाणात. लगेच काढून सुमारे 50 अंशांवर तासभर वाळवायची आणि मग दळायची. एवढ्या उष्णतेने विकर निकामी होते आणि पीठ सुमारे 25 दिवस चांगले राहते. सुमारे 100 अंशांच्या कोरड्या उष्णतेनेही हे साधते, पण तिथे हिशेब सेकंदांचा नसून तासांचा. आपल्या बेकरीवाल्या बंधूंनी याचा विचार करावा असे आम्हाला वाटते. पाव निघाल्यावर भट्टीत जी ऊब उरते ती आज फुकट जाते.

यावर गिरणीवाले म्हणतील, सरपण, पाणी, वाळवण, मजुरी, हे परवडायचे कसे? प्रश्न रास्त आहे. दळणाच्या डब्यामागे हे मुळीच परवडणार नाही आणि तिथे त्याची गरजही नाही. गिऱ्हाईक ताजे पीठ घरी नेते, आठवड्यात संपवते. त्याला एवढेच सांगावे की, थोडे दळा, पुन्हा या. पाकिटाच्या धंद्यात मात्र दर शेकडा किती माल परत येतो तो आकडा आधी मांडावा आणि मग सरपणाचा खर्च त्याच्या शेजारी लिहावा. खरी अडचण वाळवणाची आहे. ओलसर बाजरी दळली तर कडूपणा टळून बुरशी गाठेल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. गच्चीवर उन्हात घालायची तर धुळीपासून राखावी लागते.

आणखी एक सवय आहे, ती सांगायला संकोच वाटतो. परत आलेले पीठ ताज्या पिठात थोडे थोडे मिसळून खपवणारे आपल्यातही आहेत. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल उघडी करणाऱ्या प्रेषितांचा (स.) प्रसंग आपल्यातील प्रत्येक धान्यव्यापाऱ्याला पाठ आहे, पिठाचा ढीग त्याला अपवाद नाही. त्यात व्यवहाराचेही नुकसान आहे. जुन्या पिठातील सुटी आम्ले नव्या पिठात येतात आणि सगळाच घाणा पहिल्या दिवसापासून कडवट लागतो.

2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. तेव्हापासून शहरांत बाजरीच्या पिठाला, बिस्किटांना विचारणारे गिऱ्हाईक दिसू लागले आहे. ते पाकिटावरची तारीख वाचते आणि एकदा कडू लागले की तो छाप पुन्हा घेत नाही. मोठ्या कंपन्यांकडे यंत्रे आहेत. आपल्याकडे पातेले, जाळीची टोपली आणि भट्टी आहे, आणि सुरुवातीला तेवढे पुरते. 2 किलो बाजरीवर प्रयोग करावा, पीठ डब्यात ठेवून दर पाचव्या दिवशी एक भाकरी थापून घरच्यांना खाऊ घालावी, आणि ज्या दिवशी घरातली मंडळी तोंड वाकडे करतील त्याच्या आठवडाभर आधीची तारीख पाकिटावर छापावी. आमचे ते गिरणीमालक यंदा असेच करून पाहणार आहेत. टोपली त्यांनी कल्हईवाल्याच्या शेजारच्या दुकानातून करून घेतली आहे.