यादीतलं पहिलं नाव

निवृत्तीनंतरचे पहिले चार महिने मला रात्री अडीचला जाग येत असे. छातीत धडधड, हाताला कंप, अन्नावरची वासना उडालेली. सौ. म्हणायची, ‘डॉक्टरांना दाखवा.’ माझं उत्तर ठरलेलं, ‘वीस वर्षं योगासनं करतोय मी. मला काय धाड भरलीय?’

अशाच एका रात्री पतंजलींची योगसूत्रं काढून बसलो. जवळजवळ दोनशे सूत्रांपैकी आसनाच्या वाट्याला आली आहेत अवघी तीन! ग्रंथाचा खरा विषय मन हाच. पहिल्याच पादात साधनेतले नऊ अडथळे सांगितले आहेत. बँकेत हयात गेल्यामुळे यादी दिसली की वरपासून तपासायची, ही माझी जुनी खोड. मरगळ, संशय, आळस हे सारे त्यात आहेत. पण यादीतलं पहिलं नाव आहे व्याधी. आणि या अडथळ्यांचे सोबती कोण? दुःख, खिन्नता, अंगाचा कंप, बिघडलेला श्वास. माझीच कुंडली कुणी तरी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी मांडून ठेवली होती.

पतंजलींनी व्याधीला पाप म्हटलेलं नाही, अडथळा म्हटलं आहे. अडथळा लपवायचा नसतो, दूर करायचा असतो. दुसऱ्याच दिवशी सौ.बरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. गोळ्या सुरू झाल्या. आसनं सोडू नका, असंही त्यांनी बजावलं.

मग योगविचाराने काय दिलं? गोळीने झोप आली, पण मनातला सल गोळीने जात नाही. माझ्या हाताखाली तयार झालेला मुलगा माझ्याआधी मॅनेजर झाला, तेव्हा मी त्याला हार घातला आणि घरी येऊन जेवलो नाही. तो सल मी अकरा वर्षं जपला. चित्त प्रसन्न राहण्यासाठी पतंजली मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा असे चार भाव सांगतात. त्यातली मैत्री सुखी माणसाशी करायची आहे! दुःखिताची कणव येणं सोपं. शेजाऱ्याचं सुख सोसणं कठीण. एका रविवारी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, ‘साहेब, फार दिवसांनी!’ त्या रात्री अडीचचा ठोका मी ऐकला नाही.

२०१५पासून दर २१ जूनला मैदानं चटयांनी भरतात. उत्तमच आहे. पण आपल्या घरातलं कुणी रात्र रात्र जागं राहत असेल, तर ‘योग कर, बरं वाटेल’ एवढं सांगून मोकळे होऊ नका. आधी त्याच्याबरोबर दवाखान्याची पायरी चढा. पतंजलींच्या यादीतही व्याधीचंच नाव पहिलं आहे.