दरबार आहे, पण खुर्च्या कुठायत?

दर रविवारी प्रार्थनेत आपण देवाचं राज्य येवो म्हणून मागतो. आमेन म्हणून बाहेर पडलो की चर्चच्या आवारातच गट पडतात. कमिटीत यंदा कोण, खजिनदार कुणाचा माणूस, जागेच्या दाव्याची पुढची तारीख कधी.. आणि हे सगळं म्हणे ख्रिस्ताच्या राज्यासाठी! मला हे अजिबात पटत नाही.

पिलातासमोर उभं असताना येशूनं स्वच्छ सांगितलं होतं की माझं राज्य या जगातलं नाही, तसं असतं तर माझी माणसं लढली असती. आपली माणसं मात्र लढतायत.. तीही एकमेकांशी, कोर्टात!

हा खुर्चीचा सोस जुनाच म्हणा. याकोब आणि योहान या सख्ख्या भावांनीही उजवी-डावीकडची जागा आधीच मागून ठेवली होती. पदरात काय पडलं? तर ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सगळ्यांचा दास व्हावं, हा नियम. या राज्यात पद एकच, सेवकाचं. त्यासाठी कुणी निवडणूक लढवल्याचं ऐकलं नाही बुवा.

काहीजण दुसऱ्या टोकाला. "राज्य आत्मिक आहे ना, मग जगाच्या भानगडी कशाला?" हीही पळवाटच. आत्मिक म्हणजे हवेतलं नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्या मुलींच्या ताटात पडलेली भाकरी आत्मिक नव्हती काय? रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात दार उघडं होतं. नाव दरबार, पण मानाच्या खुर्चीसाठी नव्हे.

"मग हिशेब कोणी ठेवायचे? जागा सांभाळायची नाही का?" असं आमचे काका विचारणार, ठाऊक आहे. सांभाळा ना काका! चोख हिशेब ठेवणं हीसुद्धा सेवाच. पण कारभारी तो कारभारी, मालक नव्हे. किल्ली कमरेला लावली म्हणून घर आपलं होत नाही.

शेवटच्या रात्री येशूनं शिष्यांचे पाय धुतले, यहूदाचेसुद्धा. तेव्हा मंडळी, माझी एक सूचना आहे. पुढच्या निवडणुकीआधी प्रत्येक उमेदवाराच्या हातात एक घंगाळ आणि एक पंचा द्यावा, आणि विरोधी गटापासून सुरुवात करायला सांगावं.

बघू, किती अर्ज मागे घेतले जातात!